नव्या गाण्याच्या पोटात

जगातली बहुतेक नवी गाणी शुक्रवारी जन्माला येतात. यात मुहूर्त वगैरे काही नाही. पूर्वी नवी तबकडी अमेरिकेत मंगळवारी बाजारात यायची, इंग्लंडात सोमवारी, जर्मनीत शुक्रवारी; आणि मधल्या फटीत चोरट्या प्रती इंटरनेटवरून सगळीकडे पोचायच्या. म्हणून ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या जागतिक संघटनेने १० जुलै २०१५ पासून सगळ्यांसाठी एकच वार ठरवून टाकला. तेव्हापासून संगीतावर लिहिणाऱ्या माझ्यासारख्यांचा आठवडा शुक्रवारी सुरू होतो. इंडी, इलेक्ट्रॉनिक, हिपहॉप अशा नावांचे कप्पे करून नव्या गाण्यांचा ढीग समोर येतो आणि त्यातलं काय ऐकण्यासारखं आहे ते सांगायचं असतं.

हा ढीग उपसताना एका गोष्टीचं मला अजूनही नवल वाटतं. गाणं आज सकाळी आलेलं असतं, गाणाऱ्याला नुकती मिसरूड फुटलेली असते, आणि गाण्याच्या पोटात मात्र चाळीसेक वर्षांपूर्वी बाजारात आपटलेल्या एखाद्या जपानी यंत्राचा आवाज असतो. नाहीतर अर्धशतकापूर्वी ठरलेली बिदागी घेऊन घरी गेलेल्या एखाद्या ड्रमवाल्याचा. कप्पे तीन असोत की तेरा, खाली उतरलं की तीच चार-पाच माणसं आणि तीच दोन-तीन यंत्रं भेटतात. ती ओळखीची झाली की नवं गाणं वेगळंच ऐकू येऊ लागतं. आज त्यांचीच ओळख करून द्यायची आहे.

सुरुवात ‘आठशे आठ’पासून. हिपहॉपमधलं कुठलंही ताजं ट्रॅप किंवा ड्रिल लावा. मागे एक जाड, खोल, घुमत खाली जाणारा ‘बूऽऽम’ असतो, गाडीच्या काचा थरथरवणारा. हिपहॉप बनवणारी पोरं त्याला ‘एट-ओ-एट’ म्हणतात. ते मूळ एका ड्रम मशीनचं नाव : रोलँड कंपनीचं टीआर-८०८, साल १९८०. ओसाकाच्या इकुतारो काकेहाशी यांनी ही कंपनी १९७२ मध्ये काढली होती. संगीतकाराला घरी बसून गाण्याचा कच्चा आराखडा करता यावा, त्यासाठी ड्रमर बोलवावा लागू नये, एवढीच या यंत्राकडून अपेक्षा होती. त्याच वर्षी अमेरिकेत रॉजर लिन यांचं ड्रम मशीन आलं. त्यात खऱ्या ड्रमचे मुद्रित आवाज होते, किंमत पाच हजार डॉलरच्या घरात. आठशे आठ त्याच्या चौथ्या हिश्शात मिळायचं, पण त्यात खरा ड्रम औषधालाही नव्हता. सगळे आवाज विजेच्या मंडलांतून तयार केलेले. जाणकारांनी नाकं मुरडली. ड्रमसारखं काही वाजतच नाही, हा आक्षेप होता आणि तो शंभर टक्के खरा होता.

यंत्राच्या आत आणखी एक गंमत होती. त्याच्या आवाजात जी खास चरचर आहे ती काकेहाशींनी सदोष ट्रान्झिस्टरांतून मिळवली होती. कारखान्याने तपासणीत नापास केलेले ट्रान्झिस्टर ते मुद्दाम विकत घेत, कारण त्यांच्यातला गोंगाटच त्यांना हवा होता. पुढे ट्रान्झिस्टर बनवण्याचं तंत्र सुधारलं, सदोष माल मिळेनासा झाला आणि १९८३ मध्ये यंत्राचं उत्पादन थांबलं. वस्तू चांगली झाली म्हणून तिच्यावर उभं असलेलं यंत्र बंद पडलं, असं उदाहरण माझ्या तरी माहितीत दुसरं नाही. एकूण बारा हजारांच्या आसपास यंत्रं बनली.

मग ती जुन्या वस्तूंच्या दुकानांत गेली, स्वस्त झाली, आणि ज्यांच्याकडे लिनच्या मशीनचे पैसे कधीच येणार नव्हते अशा पोरांच्या हाती लागली. त्याआधीच, १९८२ मध्ये, न्यूयॉर्कच्या ‘प्लॅनेट रॉक’ने आणि मार्विन गे यांच्या ‘सेक्शुअल हीलिंग’ने हा आवाज लोकांच्या कानांत भरला होता. एक रस्त्यावर नाचायचं गाणं, दुसरं शयनगृहातलं. दोन्हींत यंत्र तेच. २००८ मध्ये कान्ये वेस्टने आख्ख्या अल्बमच्या नावातच हा आकडा घातला.

आता तो ‘बूम’ नेमका आहे तरी काय? खऱ्या ड्रमवर काठी पडली की कातडं, लाकूड, पोकळीतली हवा सगळं एकदम बोलतं. आठशे आठच्या आत एक छोटं मंडल आहे. त्याला विजेचा धक्का दिला की ते झोका दिल्यासारखं डोलतं आणि हळूहळू शांत होतं. पन्नास हर्ट्झच्या आसपासचं हे डोलणं जवळजवळ शुद्ध असतं, त्यात फारशी भेसळ नसते. किती वेळ डोलू द्यायचं यासाठी यंत्रावर एक खुंटी आहे. ती पूर्ण फिरवली की ठोका ठोका राहत नाही, तो स्वर होतो. स्वर झाला म्हणजे तो वरखाली सरकवता येतो, त्याची चाल बांधता येते. अ‍ॅटलांटाच्या ट्रॅपवाल्यांनी नेमकं हेच केलं : तालवाद्याला बास गिटारच्या जागी बसवलं. एकच आवाज ठेकाही धरतो आणि खालचा सूरही सांभाळतो. आपल्याकडे हे काम डग्गा शतकानुशतके करत आला आहे. मनगटाने दाबून डग्ग्याचा घुमारा वर चढवणारा तबलजी पाहिलेल्याला ट्रॅपमधला सरकता बास समजावून सांगावा लागत नाही.

पन्नास हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळजवळ सात मीटर असते. म्हणजे आपल्या बहुतेक दिवाणखान्यांत ती एक सबंध मावतही नाही. मग बोटाच्या पेराएवढा स्पीकर असलेल्या फोनवर तो बास ऐकू कसा येतो? उत्तर असं की तो येतच नाही. फोनचा स्पीकर पन्नास हर्ट्झ हलवूच शकत नाही. पण निर्माते त्या स्वराला थोडा करपवतात, त्यात मुद्दाम विकृती घालतात. त्यामुळे मूळ स्वराच्या पटीतले वरचे स्वर तयार होतात : शंभर, दीडशे, दोनशे, अडीचशे. फोनमधून बाहेर पडतात ते यातले वरचेच. मेंदू ती रांग बघतो, हे सगळे पन्नासच्या पटीत आहेत हे क्षणात ओळखतो आणि हवेत नसलेला पन्नासचा स्वर आपल्याला ऐकवतो. ध्वनिशास्त्रात याला हरवलेला मूलस्वर म्हणतात. जुना घरचा टेलिफोन तीनशे हर्ट्झच्या खालचं काहीच पुढे पाठवत नसे, आणि पुरुषाच्या आवाजाचा मूलस्वर तर शंभर-सव्वाशेच्या आसपास असतो. तरीही ट्रंककॉलवर वडिलांचा आवाज जाडाभरडाच ऐकू यायचा. तो जाडेपणा आपण मनाने घातलेला होता.

या पटीच्या रांगेचा एक धागा थेट तबल्यापर्यंत येतो. ताणलेल्या साध्या कातड्यावर मारलं तर निघणारे उपस्वर पूर्ण पटीत नसतात, दीडपट-सव्वादोनपट असे वेडेवाकडे पडतात. म्हणून बहुतेक ढोलांना आवाज असतो पण पक्का सूर नसतो. तबल्याला आणि मृदंगाला तो कसा येतो, हा प्रश्न चंद्रशेखर वेंकट रामन यांना पडला होता. १९२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांनी आणि शिवकाली कुमार यांनी दाखवून दिलं की मधल्या शाईच्या वजनामुळे उपस्वर वळणावर येतात आणि पूर्ण पटीत बसतात. शाई घोटणाऱ्या अनाम कारागिरांनी कातड्यावर जे साधलं, त्याच नियमाचा फायदा आजचा बीट बनवणारा पोरगा घेतो. नियम दोघांनीही पुस्तकात वाचलेला नसतो. कानाला बरं लागेपर्यंत दोघंही हात चालवत राहतात.

आठशे आठच्या दर्शनी पट्टीवर सोळा बटणं आहेत. चार लाल, चार नारिंगी, चार पिवळी, चार पांढरी. ज्या घरात ठोका हवा त्या घरातलं बटण दाबायचं. तीनतालाच्या सोळा मात्रा, चार-चारचे चार विभाग डोळ्यांपुढे येतात ना? त्यात गूढ काही नाही, चारचे चार वाटे करायचे म्हटले की सोळाच होणार. पण सम-खालीच्या हिशेबावर वाढलेल्या माणसाला या यंत्राची भीती वाटत नाही, एवढं खरं.

सोळा समान घरांचा तोटाही आहे. ठोका नेमका घरात पडतो आणि गाणं कवायत करू लागतं. रॉजर लिन यांच्या यंत्रात यावर उतारा होता : जोडीतलं दुसरं घर जरा मागे ढकलायचं. हिशेब करून बघा. मिनिटाला नव्वद ठोक्यांच्या लयीत एका घराची लांबी १६७ मिलिसेकंद होते. जोडीतला दुसरा ठोका निम्म्यावर न टाकता चौपन्न टक्क्यांवर टाकला, तर तो १८० वर पडतो. फरक तेरा मिलिसेकंदांचा. एवढ्या वेळात आवाज जेमतेम साडेचार मीटर जातो. तरी तेवढ्याने मान डोलायला लागते.

डेट्रॉइटचा हिपहॉप निर्माता जे डिला या बारकाव्याचा बादशहा. एमपीसी-३००० नावाच्या यंत्रावर तो काही ठोके अगदी चौकटीत ठेवायचा, काही झुलते, काही किंचित लवकर, आणि हे सगळं एकाच ठेक्यात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं वाजवणारा दारू पिऊन बसलाय. दुसऱ्या आवर्तनाला कळतं की आपण त्या हेलकाव्यात कधीच शिरलो आहोत. त्याचा ‘डोनट्स’ हा अल्बम ७ फेब्रुवारी २००६ रोजी, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी आला. तीन दिवसांनी तो गेला. त्याचं ते यंत्र आज वॉशिंग्टनच्या आफ्रिकी-अमेरिकी इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आणि आता तर हाडामासाचे ड्रमर त्याच्या यंत्रासारखं वाजवायला शिकतात! इंडी म्हणून येणाऱ्या कित्येक नव्या बँडांच्या मऊ, डुलणाऱ्या ठेक्यांत मला डिलाच ऐकू येतो.

आता मुंबईत येऊ. चरणजित सिंग हे चित्रपटांच्या वाद्यवृंदांतले वादक. गिटार, बास, पुढे सिंथेसायझर, आर. डी. बर्मन यांच्यासह अनेक संगीतकारांकडे त्यांनी वाजवलं. १९८२ साल म्हणजे डिस्कोचा ज्वर. नाझिया हसनचा ‘डिस्को दीवाने’ येऊन गेला होता, ‘डिस्को डान्सर’ त्याच वर्षी आला. सिंग यांच्याकडे तेव्हा रोलँडची तीन यंत्रं होती : ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, ठेक्याला आपलं आठशे आठ, आणि टीबी-३०३ नावाची एक रुपेरी डबी. राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून बघावेत, असं त्यांच्या मनात आलं. भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. दहा राग, तबकडी एचएमव्हीची. खपली नाही. कुणी फारशी दखलही घेतली नाही.

ती रुपेरी डबीही तोवर अपयशाच्या वाटेवर होती. तादाओ किकुमोतो यांनी ती बास गिटारवाल्याची जागा घेण्यासाठी बनवली होती. घरी सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बासची साथ मिळावी म्हणून. ती बास गिटारसारखी मुळीच वाजत नसे. १९८१ मध्ये आली, १९८४ मध्ये बंद झाली. शिकागोच्या काही तरुणांनी मोडीच्या भावात एक डबी घेतली आणि वाजता वाजता तिच्या खुंट्या पिळायला सुरुवात केली. त्यातून जी चिरकणारी, वळवळणारी, ओलसर रेघ निघाली तिच्यावर त्यांनी लांबलचक ट्रॅक केला. ‘फ्यूचर’ या त्रिकुटाचा तो ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’, साल १९८७, आणि तिथून ‘अ‍ॅसिड हाउस’ नावाचा प्रकार सुरू झाला असं इतिहास सांगतो.

पुढे एदो बाउमान या डच संग्राहकाला भारतात सिंग यांची तबकडी सापडली आणि २०१० मध्ये त्याने ती पुन्हा प्रकाशित केली. ऐकणारे चक्रावले. शिकागोच्या पाच वर्षं आधी मुंबईत हुबेहूब अ‍ॅसिड हाउस? काहींना तर हा कुणा आजच्या संगीतकाराने केलेला बनाव वाटला. सिंग तेव्हा सत्तरीत होते. त्यांना या नावाचं संगीत असतं हेही ठाऊक नव्हतं. नंतर त्यांनी युरोपात जाऊन कार्यक्रम केले. २०१५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

एकाच यंत्रातून एकसारखे आवाज निघाले, यात तसं आश्चर्य नाही. मला जास्त महत्त्वाच्या वाटतात त्या दुसऱ्या दोन गोष्टी. ३०३ ला ‘स्लाइड’ नावाची एक सोय आहे : एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी न मारता घसरत जायचं. म्हणजे मींड. बास गिटारची नक्कल करायला निघालेल्या डबीत मींड होती आणि ती कशासाठी वापरायची हे मुंबईतल्या वादकाला कुणी सांगायची गरज नव्हती. दुसरी गोष्ट याहून खोलातली. पाश्चात्त्य गाण्यात कॉर्ड बदलत राहतात, जमीन सतत पायाखालून सरकते. अ‍ॅसिड हाउसमध्ये ती सरकत नाही. एकच मूळ स्वर धरून ठेवायचा आणि गंमत आवाजाच्या पोतात शोधायची. रागसंगीतही एका षड्जावर ठाण मांडून बसतं. शिकागोच्या पोरांनी कॉर्ड टाकून दिल्या, सिंग यांनी त्या घेतल्याच नव्हत्या. दोघं एकाच ओसरीवर पोचले ते वेगवेगळ्या दारांनी.

अ‍ॅसिड हाउसचा शोध मुंबईत लागला, अशा बातम्या तेव्हा आपल्याकडे कौतुकाने छापून आल्या. मला हा दावा मान्य नाही. शोधाला वारस लागतात, आणि सिंग यांच्या तबकडीला त्या काळी वारस मिळाला नाही. शिकागोत डीजे रॉन हार्डी यांनी ‘म्युझिक बॉक्स’ क्लबात ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ लावला, लोक नाचले, मग इतरांनीही तशी डबी शोधायला सुरुवात केली. मुंबईत दाद द्यायला असा जमाव नव्हता. तबकडी एकटी पडली. पण ललत ऐकाच. पंचम नसलेला, दोन मध्यमांचा तो पहाटेचा राग यंत्राच्या ठेक्यावर असा काही चालतो की ‘पहिलं कोण’ हा वाद पोरकट वाटतो.

यंत्रांच्या या गोतावळ्यात एक पाहुणा तेलाच्या विहिरीतून आला आहे. अँडी हिल्डब्रँड हे भूभौतिकी तज्ज्ञ. जमिनीत हादरे सोडायचे, परतणाऱ्या लहरींच्या गणितावरून खाली तेल कुठे आहे ते ताडायचं, हे त्यांचं काम. तेच गणित गळ्याला लावलं तर गायकाचा सूर नेमका किती घसरलाय ते कळतं, आणि कळलं की सुधारताही येतं. १९९७ मध्ये त्यांनी ‘ऑटो-ट्यून’ बाजारात आणलं. ते गुपचूप वापरायचं होतं. १९९८ मध्ये शेर या गायिकेच्या ‘बिलीव्ह’ गाण्यात दुरुस्तीचा वेग इतका वाढवला की सूर सरकायच्या ऐवजी टकटक पायऱ्या चढू लागला, दुरुस्तीच अलंकार झाली. हिपहॉपने तो अलंकार अजून उतरवलेला नाही. माझी कुरकुर इतकीच, की ऑटो-ट्यूनला सहसा बाराच खाने माहीत असतात. दरबारीतला आंदोलित गंधार त्याच्या हाती द्या, ते त्याला जवळच्या खान्यात कोंबून मोकळं होईल. आपल्याकडच्या कित्येक नव्या इंडी गाण्यांत गळा चांगला असूनही हरकती प्लास्टिकच्या वाटतात, त्याचं कारण अनेकदा हेच असतं.

इंडीबद्दल थोडक्यात. मोठ्या कंपनीच्या आश्रयाविना काढलेलं ते इंडी, हा मूळ अर्थ आता पातळ झाला आहे, कारण लॅपटॉप, एक बरा मायक्रोफोन आणि झोपायची खोली एवढ्यात काम भागतं. बिली आयलिशचा २०१९ चा पहिला अल्बम तिच्या भावाने, फिनियसने, लॉस एंजेलिसच्या घरातल्या छोट्या खोलीत मुद्रित केला आणि ग्रॅमीत वर्षाचा सर्वोत्तम अल्बम ठरला. स्टुडिओची भिंत पडली हे बरंच झालं. मात्र त्या भिंतीआड बसणारा, ‘हा अंतरा काढून टाक’ म्हणणारा खडूस माणूसही गेला, आणि शुक्रवारच्या ढिगात त्याची उणीव जाणवते.

राहता राहिली मराठी. २०१९ मध्ये ‘स्वदेशी’ या मुंबईच्या चमूने आरेच्या जंगलासाठी ‘द वारली रिव्होल्ट’ केलं. त्यात आरेच्या केलटीपाड्याचे प्रकाश भोईर यांचा आवाज आहे, आणि तो आवाज रॅपच्या शेजारी पाहुण्यासारखा बसत नाही, घरमालकासारखा बसतो. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ स्पिनिन या डच नृत्यसंगीत कंपनीकडून आलं. मराठी शब्द असलेलं हाउस परदेशी क्लबांत वाजू लागलं. शब्दांत फार अर्थ शोधू नका, पण नाद ऐका. मराठीला दंततालव्य ‘च’ आहे, ‘चामडी’तला, ‘चटकन’मधला, ‘पाचोळा’तला. हिंदीत तो नाही. हा ‘च’ उच्चारताना जी बारीक ‘त्स’ उडते ती ड्रमवाल्याच्या बंद झांजेसारखी असते. ळ आणि ण जीभ मागे खेचतात, ठोका किंचित उशिरा पाडतात. म्हणजे डिला यंत्रावर जे बोटांनी करायचा त्यातलं थोडं आपल्या जिभेत फुकट आहे. मराठी रॅप करणारे जेव्हा हिंदी रॅपची लय उसनी घेऊन त्यात मराठी शब्द भरतात तेव्हा मला त्यांचा राग येतो तो एवढ्यासाठीच.

आता बिदागी घेऊन घरी गेलेला तो ड्रमवाला. त्याची गोष्ट एका पार्टीपासून सांगावी लागते. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, १५२० सेज्विक अव्हेन्यूवरच्या इमारतीत, जमैकाहून आलेल्या डीजे कूल हर्कने बहिणीच्या पार्टीत तबकड्या वाजवल्या. गाण्यात सगळे थांबून फक्त ड्रम वाजतो त्या तुकड्याला लोक सर्वांत जास्त नाचतात, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. मग एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेऊन तो तेवढाच तुकडा लांबवू लागला. हिपहॉपचा जन्म इथला मानतात. असे तुकडे शोधण्याचा छंद पुढे वाढला, आणि त्यात एका तुकड्याने सगळ्यांवर मात केली : ‘द विन्स्टन्स’ या बँडचं १९६९ मधलं ‘अमेन, ब्रदर’. तबकडीची ही दुसरी बाजू, भरतीची. त्यात ग्रेगरी कोलमन नावाचा ड्रमर चार आवर्तनं एकटा वाजवतो. वेळ जेमतेम सात सेकंद.

त्या सात सेकंदांवर हजारो गाणी उभी आहेत. एन.डब्ल्यू.ए.चं ‘स्ट्रेट आउटा कॉम्प्टन’ त्यावर आहे. १९९० नंतर लंडनच्या पोरांनी तो तुकडा वेगाने पळवला, सॅम्पलरमध्ये त्याच्या चिरफळ्या केल्या, उलटसुलट जोडल्या, आणि जंगल, ड्रम-अँड-बेस असे प्रकारच्या प्रकार निर्माण झाले. तो अजूनही वापरात आहे. पुढच्या वेळी कुठल्या इलेक्ट्रॉनिक गाण्यात घाईघाईने अडखळत धावणारा, झांज चरचरणारा ड्रम ऐकलात, तर तो बहुधा कोलमनच असेल.

कोलमनला यातून एक छदामही मिळाला नाही. २००६ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या डोक्यावर छप्पर नव्हतं. बँडचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांनाही कधी मानधन मिळालं नव्हतं. २०१५ मध्ये दोन ब्रिटिश डीजेंनी वर्गणी काढून त्यांना सुमारे चोवीस हजार पौंड दिले, तेवढेच. कोलमनच्या वेळी तेही जमलं नाही.

सध्या मराठी इलेक्ट्रॉनिक आणि हिपहॉपवाल्यांच्या लॅपटॉपमध्ये संबळ, हलगी, ढोलकी, दिमडी यांचे तुकडे भराभर जमा होत आहेत. जत्रेत फोनवर टिपलेले, लग्नाच्या व्हिडिओतून कापलेले, कुणी कुणाला पाठवलेले. चांगलं चाललं आहे, त्यांतून आपला स्वतःचा ‘बूम’ निघेल अशी मला आशा आहे. फक्त माझी एक विनंती आहे. हलगी कुणी वाजवली, कुठल्या गावची, हे आधी विचारा. गाण्याच्या श्रेयनामावलीत त्या माणसाचं नाव घाला आणि पैसे आले तर त्याचा वाटा त्याच्या हाती द्या. ऐकणाऱ्यांनीही गाणं आवडलं की खाली एवढंच विचारावं : ड्रम कुणाचा?